झाड तपकिरी दिसेपर्यंत: ओरेगॉनच्या टॅनओक जंगलातल्या रोगाचं प्रकरण

जुलै २००१ मध्ये ओरेगॉनच्या नैर्ऋत्य टोकाला, ब्रुकिंग्ज गावामागच्या डोंगरांवरून वनसर्वेक्षणाचं विमान फिरलं. खाली सदाहरित जंगल होतं आणि त्यात अधूनमधून तपकिरी पडलेली झाडं. नकाशावर त्यांच्या खुणा झाल्या, पथकं जमिनीवरून तिथवर पोचली, बुंध्याची साल तासून नमुने घेतले गेले. प्रयोगशाळेनं नाव सांगितलं: फायटोफ्थोरा रॅमोरम. कॅलिफोर्नियात 'सडन ओक डेथ' म्हणून धास्ती बसलेला रोग सीमेपलीकडे आला होता. नऊ ठिकाणं सापडली, सगळी मिळून सुमारे १६ हेक्टर.

१६ हेक्टर म्हणजे एवढ्या मोठ्या जंगलात काहीच नाही. म्हणूनच ओरेगॉननं ठरवलं की हा रोग मुळासकट उपटायचा. पुढे जे घडलं ते संरक्षित जंगलं सांभाळणाऱ्या प्रत्येकानं बारकाईनं पाहावं असं मला वाटतं. झाडांच्या रोगाविरुद्ध इतकी चिकाटीची आणि इतकी नीट नोंदवलेली मोहीम क्वचितच सापडते. तिचं मूळ उद्दिष्ट साधलं नाही, पण तिला अपयश म्हणून निकालात काढणं मला पटत नाही. नायनाट का झाला नाही आणि तरीही ते काम का करण्यासारखं होतं, हे दोन्ही प्रश्न इथे एकत्रच तपासावे लागतात.

आधीची परिस्थिती

१९९५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) टॅनओक आणि ओक अचानक मरू लागले. आख्खा शेंडा काही आठवड्यांत हिरव्याचा तपकिरी व्हायचा. बुंध्यावर गडद, दाट रस पाझरलेला दिसायचा, आणि मागोमाग साल पोखरणारे भुंगेरे येत असल्यामुळे सुरुवातीला दोष किड्यांवरच गेला. खरा रोगकारक २००० मध्ये डेव्हिड रिझो आणि मात्तेओ गार्बेलोत्तो या संशोधकांनी वेगळा काढला. युरोपातल्या संशोधकांना हाच जीव जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या रोपांवर १९९० च्या दशकातच दिसला होता, पण त्याला शास्त्रीय नाव मिळायला २००१ उजाडलं. दोन खंडांवर एकच जीव आहे हे कळेपर्यंत नर्सरीच्या रोपांबरोबर त्याचा प्रवास होऊन गेला होता.

लोक याला सरसकट बुरशी म्हणतात. वाढ बुरशीसारखी तंतूंची असते, पण हा खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. बटाट्यावरचा करपा ज्या प्रजातीतल्या जीवामुळे होतो, त्याच फायटोफ्थोरा प्रजातीतला हा आहे. व्यवस्थापनाच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे. एक म्हणजे, खऱ्या बुरशीवर चालणारी अनेक बुरशीनाशकं ज्या घटकावर घाव घालतात तो घटकच याच्या पेशीत नीटसा नसतो, त्यामुळे ती निष्प्रभ ठरतात. दुसरं, याचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात. पानावर पाण्याचा पातळ थर असला, की लागण होते. पावसाचे शिंतोडे, वाऱ्याबरोबर सरकणारं धुकं, ओढ्याचं पाणी, बुटांना आणि टायरना लागलेला चिखल, ही सगळी त्याची वाहनं. ब्रुकिंग्ज ज्या करी काउंटीत आहे तिचा किनारा म्हणजे पाऊस आणि धुकं. उबदार, ओला वसंत लांबला की या जीवाला आणखी काही लागत नाही.

फॉस्फोनेट नावाचं औषध कॅलिफोर्नियात या रोगासाठी वापरतात. ते झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतं, त्यामुळे लागण होण्याआधी द्यावं लागतं आणि पुन्हापुन्हा द्यावं लागतं. अंगणातल्या किंवा उद्यानातल्या मोजक्या मौल्यवान झाडांसाठी हे ठीक आहे. ओरेगॉनमध्ये हेलिकॉप्टरमधून फवारणीचेही प्रयोग झाले, पण डोंगरच्या डोंगर वाचवण्याचा मार्ग त्यातून निघाला नाही.

कोणतं झाड मरतं आणि कोणतं रोग पसरवतं

या प्रकरणाची गुरुकिल्ली इथे आहे. रॅमोरम शंभराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगतो, पण सगळ्यांवर सारखा वागत नाही. कॅलिफोर्नियाच्या किनारी ओकवनात कोस्ट लाइव्ह ओक आणि ब्लॅक ओक बुंध्याच्या जखमांनी मरतात. मात्र त्यांच्यावर रोगाचे बीजाणू फारसे तयार होत नाहीत, रोगाची वाट तिथे संपते. बीजाणूंचा कारखाना असतो शेजारचा बे लॉरेल. त्याच्या पानांच्या टोकांवर नुसते डाग पडतात आणि झाड वर्षानुवर्षं धडधाकट उभं राहतं. त्यामुळे त्या जंगलात ओक वाचवायचा असेल, तर आजारी ओकऐवजी त्याच्या जवळचे निरोगी दिसणारे बे लॉरेल हटवावे लागतात. पाहणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण तेच बरोबर आहे. व्हाइट ओकच्या गटातल्या जाती तर या रोगाला जवळपास बळीच पडत नाहीत. म्हणजे 'ओकचा रोग' असं म्हणून सगळ्या ओकवनांना एकच उपाय लावला, तर निम्मं काम वाया जातं.

ओरेगॉनमध्ये चित्र वेगळं होतं. तिथला मुख्य बळी टॅनओक. वनस्पतिशास्त्रानुसार तो खरा ओक नाही, ओकचा जवळचा नातलग आहे, आणि त्याला ओकसारखीच टोपीवाली कठीण कवचाची फळं येतात. दुर्दैवानं तो दोन्ही भूमिका बजावतो. त्याच्या पानांवर आणि कोवळ्या डहाळ्यांवर बीजाणू तयार होतात, ते पावसाबरोबर बुंध्यावर उतरतात आणि बुंधा मारतात. मरणारं झाड आणि पसरवणारं झाड एकच. त्यामुळे ओरेगॉनच्या पथकांपुढे प्रश्न सरळ आणि क्रूर होता: टॅनओकचं जंगल वाचवायचं तर टॅनओकच तोडावा लागणार.

इमारती लाकडाच्या व्यवसायानं टॅनओककडे बराच काळ डग्लस फर या लाकडासाठीच्या शंकूधारी झाडाच्या वाढीत आडवं येणारं तण म्हणूनच पाहिलं. टोलोवा, युरोक, करुक या लोकांच्या आहारात आणि विधींमध्ये मात्र त्याच्या फळांना पिढ्यानपिढ्या मध्यवर्ती स्थान आहे. अस्वलं, हरणं, सुतारपक्षी, खारी त्याच्यावर जगतात. रोगानं मेलेल्या टॅनओकच्या जागी तशी फळं देणारं दुसरं झाड त्या जंगलात सहज उभं राहत नाही. मोहिमेचं मोल ठरवताना हे झाड कुणासाठी काय आहे, हे आधी पाहावं लागतं.

तोडा आणि जाळा

२००१ मध्येच राज्याच्या कृषी खात्यानं २३ चौरस किलोमीटर क्षेत्र क्वारंटाइनमध्ये टाकलं. यजमान झाडांचं, म्हणजे रोग ज्यांच्यावर जगतो त्या झाडांचं, लाकूड, पाला, रोपं बाहेर नेण्यावर बंधनं आली. लागण झालेली झाडं आणि त्यांच्याभोवती साधारण १५ ते ३० मीटरच्या पट्ट्यातली सगळी यजमान झाडंझुडपं तोडायची, ढीग लावायचे आणि जाळायचे असा बेत ठरला. राज्याचा वन विभाग, संघराज्याची वनसेवा आणि ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीचे शास्त्रज्ञ पहिल्यापासून एकत्र होते. खासगी जमिनीवरचं काम मालकाला खर्चात न पाडता होत होतं. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व कमी लेखू नये. आपल्या जमिनीवर रोग सापडला तर आपल्याच खिशाला चाट बसणार असेल, तर मालक तपकिरी झाडाकडे काणाडोळा करतो, आणि अशी न कळवलेली एक जागा आसपासच्या दहा जागांवरचं काम पाण्यात घालवते.

पहिली अडचण लगेच पुढे आली. टॅनओक तोडला की बुंध्याच्या बुडख्यातून जोमानं फुटवे येतात, आणि हे कोवळे, जमिनीलगतचे, ओलसर फुटवे म्हणजे रॅमोरमसाठी पंगत. तोडलेल्या जागी रोग पुन्हा दिसू लागला. त्यावर उपाय म्हणून तोडण्याआधी बुंध्याला खाचा पाडून त्यात तणनाशक सोडायची पद्धत आली. झाड उभ्या उभ्या मुळापर्यंत मरतं, मग ते पाडायचं. काम दुप्पट झालं, पण फुटवे थांबले.

इथेच संरक्षित जंगलाचे नियम आडवे आले, आणि यात कुणाला खलनायक ठरवता येत नाही. याच डोंगरांत नॉर्दर्न स्पॉटेड आउल हे घुबड आहे, जे १९९० पासून कायद्यानं संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. त्याच्या विणीच्या काळात यांत्रिक करवतींचा गोंगाट आणि धूर चालत नाही. ओढ्यांमध्ये कोहो सॅमन हा मासा आहे, तोही संरक्षित, त्यामुळे पाण्याजवळ तणनाशकावर बंधनं. संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवर असा हस्तक्षेप करायचा तर पर्यावरणीय परिणामांचं मूल्यमापन, जनतेची मतं, मंजुरी, अशी पायऱ्यांची प्रक्रिया. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीनं ढीग जाळता येत नाहीत. पावसाळ्यात जाळता येतात, पण ओला पाला पेटत नाही आणि उतारावर माणसं घसरतात.

यातली प्रत्येक अट आपल्या जागी योग्यच आहे. घुबडाचं घर वाचवण्यासाठी आखलेलं जंगल घुबडाला हाकलून निरोगी करण्यात अर्थ नाही. पण सगळ्या अटी एकावर एक ठेवल्या, तर वर्षातले कामाचे आठवडे फार थोडे उरतात, आणि रोग त्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही. माझं मत असं की हा तिढा रोग आल्यावर सोडवायचा नसतो. एखाद्या संरक्षित वनाच्या उंबरठ्यावर रोग आहे असं दिसलं, की कोणत्या ओढ्यापासून किती अंतरावर काय वापरता येईल, घरट्यांच्या परिसरात कोणत्या महिन्यात कोणतं काम चालेल, याची मंजुरी आधीच घेऊन ठेवायला हवी. तसं झालं, तर निदान होताच करवत सुरू होऊ शकते.

नायनाट का झाला नाही

पहिली काही वर्षं आशादायक गेली. नव्या जागा सापडत होत्या, पण आवाक्यातल्या. मग २००५ आणि २००६ चे वसंत ऋतू नेहमीपेक्षा ओले गेले. त्यानंतरच्या सर्वेक्षणांत मेलेल्या झाडांच्या जागा वाढल्या. २००८ मध्ये क्वारंटाइन सुमारे ४२० चौरस किलोमीटरपर्यंत नेणं भाग पडलं, म्हणजे सात वर्षांत अठरापट.

पावसाला दोष देणं सोपं आहे, आणि तो दोष काही अंशी खराही आहे. पण मुळातली गोष्ट वेळेची आहे. टॅनओकच्या शेंड्यावरच्या डहाळ्यांना लागण होते, तिथून बीजाणू झडतात, बुंधा पोखरला जातो, आणि शेवटी शेंडा एकदम सुकतो. पहिली लागण आणि विमानातून दिसणारा तपकिरी शेंडा यांच्यात एक-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त काळ जातो. त्या सगळ्या काळात झाड हिरवं असतं आणि बीजाणू सोडत असतं. विमानातून जे दिसतं ते दोन पावसाळ्यांपूर्वीचं चित्र असतं. २००१ मधल्या नऊ जागांनंतर जुनी हवाई छायाचित्रं तपासली, तेव्हा एका ठिकाणी निदान १९९८ पासून झाडं मरत असल्याचं आढळलं. म्हणजे 'नवा रोग' सापडला त्या दिवशी त्याचं वय तीन वर्षं तरी होतं.

आता तोडण्याच्या पट्ट्याकडे पाहा. ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीचे एव्हरेट हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरेगॉनमधल्या प्रसाराचा अभ्यास केला. बहुतेक नवी लागण जुन्या लागणीपासून साधारण सव्वाशे मीटरच्या आत होती, पण काही उड्या तब्बल ४ किलोमीटरपर्यंत गेल्या होत्या. १५ ते ३० मीटरचा पट्टा या आकड्यांपुढे तोकडा होता, आणि पुढे तो ९० मीटर व त्याहून अधिक केला गेला. मात्र ४ किलोमीटरची उडी कोणत्याच पट्ट्यानं अडत नाही. ती पुढच्या सर्वेक्षणात पकडावी लागते, आणि तेव्हा पुन्हा तीच दोन वर्षांची दिरंगाई.

या दिरंगाईत माणसांची दिरंगाई मिसळली. मोहिमेचा पैसा वर्षावर्षाच्या तरतुदींतून येत होता. तो उशिरा आला किंवा कमी पडला की निदान झालेली झाडं ओल्या ऋतूत उभी राहायची. निदान झालं आणि झाड उभं आहे, असा एक जरी वसंत गेला, तरी आधीच्या कामातलं बरंचसं वाया जातं. म्हणून अशा मोहिमेत एकूण किती पैसा मिळाला यापेक्षा तो कोणत्या महिन्यात हाती आला हे मी आधी विचारेन.

ओढ्यांच्या पाण्यावरून आगाऊ सूचना मिळवण्याची युक्ती इथे उपयोगी पडली. जाळीच्या पिशवीत ऱ्होडोडेंड्रॉनची पानं भरून ती ओढ्यात तरंगत ठेवायची. वरच्या अंगाला कुठे रोग असेल तर बीजाणू पाण्याबरोबर येऊन पानांवर डाग पाडतात. शेंडे तपकिरी होण्याआधीच त्या पाणलोटात रोग असल्याचं कळतं. नेमकं झाड कळत नाही, ते पायी शोधावं लागतं. तरी दोन वर्षांची आंधळी पट्टी यामुळे आखूड होते, आणि खर्च विमानापेक्षा खूपच कमी.

उद्दिष्ट बदललं

२०१० च्या सुमारास राज्यानं मान्य केलं की संपूर्ण नायनाट आता शक्य नाही. नवं धोरण ठरलं प्रसार मंदावण्याचं. दक्षिणेकडच्या, पुरत्या माखलेल्या भागात तोडणी सोडून द्यायची आणि हातातली माणसं-पैसा रोगाच्या आघाडीवर, विशेषतः उत्तरेकडच्या तुटक जागांवर लावायचा. २०११ मध्ये केप सेबॅस्टियनजवळ, आधीच्या जागांपासून बरंच उत्तरेला, नवी लागण सापडली तेव्हा हेच धोरण कामाला आलं.

सोडून दिलेल्या भागातल्या लोकांना हे कडू वाटलं असणार. आपलं जंगल कुणीतरी नकाशावर रेघ मारून वगळलंय, ही भावना हलकी नाही. तरीही मला हा निर्णय प्रामाणिक वाटतो. जी झाडं वाचणार नाहीत ती तोडत राहण्यात आणखी दहा वर्षं घालवली असती, तर उत्तरेकडचं जंगलही गेलं असतं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या संदर्भात प्रसिद्ध झालेल्या, संगणकावर प्रसाराची प्रतिकृती चालवून केलेल्या एका अभ्यासानं दाखवलं की तिथे राज्यभरातला प्रसार थांबवणं २००२ पासूनच अशक्य झालं होतं. मात्र स्थानिक पातळीवर, रोगाच्या आवाक्याला साजेशा प्रमाणात काम केलं तर निवडक जंगलं वाचवता येतात. ओरेगॉननं वेळेवर सुरुवात केली म्हणून तिथे निदान रेघ कुठे मारायची हे निवडायला जागा उरली.

मोहिमेनं मिळवलं काय? तोडून-जाळून साफ केलेल्या काही जागी मातीत रोगकारक वर्षांनंतरही सापडत राहिला, पण मातीतला जीव शेंड्यापर्यंत चढायला मधे यजमान झाड लागतं, आणि तेच तिथे नव्हतं. ७,००० एकरांहून अधिक क्षेत्रावर उपचार झाले. वीस वर्षांनंतरही रोग ओरेगॉनमध्ये मुख्यतः करी काउंटीपुरता राहिला. लाकडाच्या आणि रोपांच्या व्यापारावरची बंधनं काउंटीगणिक लागतात, त्यामुळे उत्तरेकडच्या बंदरांना आणि नर्सऱ्यांना मिळालेल्या वर्षांची किंमत मोठी आहे. जंगलाच्या भाषेत सांगायचं तर हजारो टॅनओकना फळं धरायला आणखी काही हंगाम मिळाले. त्या फळांतूनच रोगाला थोडंफार तोंड देणारी झाडं शोधण्याचं काम चाललं आहे. पूर्ण प्रतिकार कुठे सापडलेला नाही, पण झाडाझाडांत फरक आहे हे प्रयोगांत दिसलं आहे.

दुसरा आणि तिसरा वंश

२०१५ मध्ये करी काउंटीच्या जंगलात रॅमोरमचा ईयू१ हा वंश, म्हणजे त्याच जीवाची जनुकीयदृष्ट्या वेगळी शाखा, सापडला. तोवर तो उत्तर अमेरिकेत नर्सऱ्यांमध्ये दिसला होता, जंगलात कधीच नाही. ओरेगॉनमध्ये १४ वर्षं ज्याच्याशी झगडा चालला होता तो एनए१ वंश. दोघांचे समागम-प्रकार वेगळे आहेत, म्हणजे तत्त्वतः त्यांच्यात संकर होऊन नवी रूपं तयार होण्याची शक्यता उघडते. शिवाय ईयू१ अधिक आक्रमक मानला जातो, आणि युरोपात त्यानं दाखवून दिलं आहे की शंकूधारी झाडंही सुरक्षित नाहीत. ब्रिटनमध्ये २००९ नंतर लार्चची लागवड मोठ्या प्रमाणावर पाडावी लागली. करी काउंटीत डग्लस फरचं अर्थकारण डोळ्यांसमोर असताना ही बातमी काय धडकी भरवणारी होती, हे सांगायला नको. पथकांनी ईयू१ च्या जागांना पहिला क्रम दिला आणि तिथले पट्टे आणखी रुंद केले. २०१७ मध्ये चेटको बार वणव्यानं याच भागातलं सुमारे १,९१,००० एकर क्षेत्र जाळलं आणि सगळी माणसं तिकडे ओढली गेली.

२०२१ मध्ये उत्तरेला पोर्ट ऑर्फर्डजवळ तिसरा वंश, एनए२, सापडला. हाही त्याआधी नर्सऱ्यांमध्येच माहीत होता. दोन वेळा, दोन वेगळ्या वंशांनी, वीस वर्षं पहारा असलेल्या जंगलात शिरकाव केला, आणि दोन्ही वेळा ते हवेतल्या उडीनं आले नव्हते. जंगलात करवत चालवणाऱ्या पथकांइतकंच लक्ष जंगलाबाहेरच्या रोपांच्या वाहतुकीवर हवं होतं. शोभेच्या एका ऱ्होडोडेंड्रॉनच्या पानावरचा डाग नर्सरीच्या दारात पकडणं आणि तोच रोग दहा वर्षांनी उतारावरच्या जंगलात शोधणं, यांच्या खर्चाची तुलनाच होऊ शकत नाही. करी काउंटीत उपचारांचा क्रम आता वंश पाहून ठरतो: ईयू१ आणि एनए२ च्या नव्या जागा आधी, मग क्वारंटाइनच्या उत्तर सीमेजवळचा एनए१, आणि दक्षिणेतला जुना एनए१ पैसा उरला तर.